लांबच्या प्रवासासाठी गाडीमागचा सायकल रॅक: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शक

न्यू जर्सीतल्या एडिसनहून मेन राज्यातल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानात जायचं तर पाचशे मैलांहून जास्त गाडी हाकावी लागते. तिथले पंचेचाळीस मैलांचे मोटारबंद कॅरेज रस्ते सायकलवरूनच बघायचे असतात. मिसूरीतला सुमारे २४० मैलांचा केटी ट्रेल किंवा कंबरलंड ते पिट्सबर्ग हा १५० मैलांचा ग्रेट ॲलेगेनी पॅसेज, यांचंही तसंच. चौघांनी तीन-चार दिवस सायकली भाड्याने घेतल्या, तर तेवढ्या पैशांत साधा रॅक येतो आणि पुढची कित्येक वर्षं कामी येतो. त्यात मुलं आपापल्या सवयीच्या सायकलवर बसतात, हा फायदा वेगळाच.

भारतातल्या गाड्यांना मागे हिच (ट्रेलर किंवा रॅक जोडायचा पोलादी सांगाडा) क्वचितच दिसतो, त्यामुळे इथे आल्यावर पहिला घोळ तिथेच होतो. दुकानात रॅक आवडतो, सवलतही असते, घरी आणला की तो गाडीत बसतच नाही. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी गाडी, मग सायकली, शेवटी रॅक.

१. गाडीखाली वाकून हिच बघा

मागच्या बंपरखाली मधोमध चौकोनी तोंडाची पोलादी नळी दिसली, तर तो रिसीव्हर. मेजपट्टी घ्या आणि भोकाची आतली रुंदी मोजा. बाहेरून मोजलंत तर सव्वा इंचाचा रिसीव्हर दोन इंचांचा वाटेल. सर्वसाधारण गाड्यांना दोनच मापं असतात: सव्वा इंच आणि दोन इंच. सव्वा इंचाच्या रिसीव्हरला अर्ध्या इंचाची पिन लागते, दोन इंचांच्या रिसीव्हरला पाच-अष्टमांश इंचाची.

हिचवर एक स्टिकर असतं. त्यावर ओढायच्या वजनाचा मोठा आकडा असतो, पण तो आपल्या कामाचा नाही. आपल्याला हवा ‘टंग वेट’चा आकडा, म्हणजे हिचवर वरून खाली किती भार चालतो तो. क्लास १ चा हिच २०० पौंडांपर्यंत, क्लास २ चा ३५० पौंडांपर्यंत, क्लास ३ चा त्याहून बराच जास्त. गाडीच्या पुस्तिकेतही अशी मर्यादा दिलेली असते. दोन्ही आकडे वेगळे निघाले, तर लहान आकडा खरा माना.

बंपरखालचं टोइंगचं कडं म्हणजे हिच नव्हे. गाडी बंद पडल्यावर ओढून न्यायला ते दिलेलं असतं, रॅक त्याला लावता येत नाही.

हिच नसेल तर बसवून घ्यावा लागेल. यू-हॉल या ट्रक भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या बऱ्याच केंद्रांवर हे काम होतं, साधे गॅरेजवालेही करतात. गाडीप्रमाणे फरक पडतो, पण हिच आणि मजुरी मिळून साधारण २०० ते ४०० डॉलर धरून चाला. रॅकचा भाव ठरवताना हा खर्च सोबत मोजा. तुमच्या गाडीला दोन्ही मापांचे हिच मिळत असतील तर दोन इंचांचाच घ्या. भावात थोडाच फरक पडतो, आणि पुढे चार सायकलींचा किंवा जड ई-बाइकचा रॅक घ्यावासा वाटला तर अडत नाही. गाडी लीजवर असेल तर आधी लीज कंपनीला विचारून घ्या.

काही छोट्या आणि हायब्रिड गाड्यांच्या पुस्तिकेत ‘ट्रेलर ओढू नये’ असं लिहिलेलं असतं. अशा गाड्यांसाठीही केवळ रॅकपुरते हिच बाजारात मिळतात. वायरिंगची गरज ट्रेलरच्या दिव्यांना लागते, सायकल रॅकला सहसा लागत नाही. ते पैसे वाचवा.

स्वतः हिच बसवणार असाल तर एक सांभाळा. बोल्ट ज्या नटांत जातात ते बहुतेक वेळा गाडीच्या चेसिसमध्येच वेल्ड केलेले असतात. न्यू जर्सी, मिशिगन, ओहायो अशा बर्फाच्या राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने त्या नटांचे आटे गंजलेले असतात. बोल्ट सरळ पान्याने दाबून फिरवलात तर आटे जातात आणि मग चेसिस कापण्याची वेळ येते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल फवारा, तारेच्या ब्रशने आटे साफ करा, बोल्ट पहिले चार-पाच फेरे नुसत्या बोटांनी फिरतो का बघा. शेवटचा ताण टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) द्या. किती द्यायचा ते हिचसोबतच्या कागदावर असतं.

२. सायकलींचं वजन करा, अंदाज करू नका

न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग सायकल उचलून उभे राहा. फरक म्हणजे सायकलचं वजन. मोठ्यांची साधी हायब्रिड सायकल तीस पौंडांच्या आसपास भरते, मुलांची चोवीस इंची पंचवीसच्या आसपास. लहान मुलांच्या स्वस्त सायकली दिसतात त्याहून जड असतात. ई-बाइक पन्नासपासून सत्तर-पंचाहत्तर पौंडांपर्यंत जाते.

आता हिशेब मांडा. दोन मोठ्या सायकली ६० पौंड, दोन मुलांच्या ५० पौंड, एकूण ११०. चार सायकलींचा ट्रेवाला रॅक (ज्यात सायकली चाकांवर उभ्या राहतात) स्वतःच ७५-८० पौंड भरतो. बेरीज १९० च्या घरात गेली, आणि क्लास १ चा हिच २०० लाच संपतो. नुसता आकडा पाहिला तर ‘बसतंय की’ असं वाटेल. पण भरलेली बादली अंगाजवळ धरा आणि मग तीच हात लांब करून धरा. वजन तेवढंच, खांद्यावरचा ताण कितीतरी जास्त. ट्रेलरचा भार हिचच्या तोंडाजवळ पडतो, चौथी सायकल मात्र त्याच्या बऱ्याच मागे लोंबत असते. त्यात महामार्गावरचे खड्डे आणि पुलांचे सांधे. म्हणून क्लास १ च्या हिचवर चार सायकलींचा ट्रे रॅक लावूच नये. दोन सायकली मागे न्या, मुलांच्या छोट्या सायकली पुढचं चाक काढून डिकीत टाका.

रॅकचीही दर सायकलमागे मर्यादा असते. ती एकूण मर्यादेहून वेगळी मोजतात. एकूण भार ७० पौंडांत बसतोय म्हणून ३५ पौंडांच्या जागेवर ५० पौंडांची सायकल ठेवता येत नाही.

३. टांगता की ट्रेवाला

टांगत्या रॅकमध्ये उभ्या खांबाला दोन लांब हात असतात आणि सायकली आडव्या दांड्यावर लटकतात. स्वस्त, हलका, चार सायकली घेणारा. साधारण १०० ते २०० डॉलरांत चांगला मिळतो. पाच मैलांवरच्या बागेत जायला उत्तम. पाचशे मैलांत मात्र त्याचे दोष दिसू लागतात. सायकली झुलतात, एकीचं पेडल दुसरीच्या चाकात घुसतं, रंग खरवडतो. लेडीज सायकलला आडवा दांडाच नसतो, मुलांच्या सायकलींचा दांडा तिरका आणि आखूड असतो. अशा प्रत्येक सायकलला सीटच्या नळीपासून हँडलपर्यंत लावायचा वेगळा जोडदांडा घ्यावा लागतो. तो तीस-चाळीस डॉलरांचा. घरात अशा तीन सायकली असतील तर ‘स्वस्त’ रॅक स्वस्त राहत नाही. टांगताच घ्यायचा ठरलं, तर पाळण्याखाली (ज्या खाचेत सायकलचा दांडा बसतो तिच्याखाली) तिसरा पट्टा असलेला घ्या. तो सीटची नळी धरून ठेवतो आणि झुलणं बरंच कमी होतं.

ट्रेवाल्या रॅकमध्ये सायकल दोन्ही चाकांवर उभी असते. याचे पुन्हा दोन प्रकार आहेत, आणि कमी पैशांत नेमका निर्णय इथेच घ्यायचा असतो.

पहिल्यात मधल्या खांबावरून आकडे खाली येतात आणि सायकलचा आडवा दांडा वरून दाबून धरतात. स्वॅगमनचा एक्ससी-२ हा या जातीचा ओळखीचा रॅक: दोन सायकली, प्रत्येकी ३५ पौंड, सव्वा आणि दोन इंच दोन्ही रिसीव्हरांत बसतो. हा प्रकार दीडशे डॉलरांपासून मिळतो. सायकली ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडी असतील, दांडा सरळ असेल, वजन मर्यादेत असेल, तर लांबच्या प्रवासाला हा पुरेसा आहे. त्यासाठी दुप्पट पैसे घालवायची गरज नाही. कार्बनच्या फ्रेमला मात्र हा लावू नका, दाबाने फ्रेमला तडा जाऊ शकतो. ब्रेकची वायर दांड्यावरून जात असेल तर आकड्याखाली चिरडत नाही ना, तेही बघा.

दुसऱ्यात वाकडा हात पुढच्या चाकावर टायरला दाबून बसतो, फ्रेमला काही टेकतच नाही. कार्बन, लेडीज सायकल, सस्पेन्शनवाली, ई-बाइक, सगळ्यांना चालतो. याचे साधे रॅक साधारण २५० ते ४०० डॉलरांत मिळतात; थुली, याकिमा, कूआट यांचे वरच्या दर्जाचे सातशे-आठशेच्या पुढे जातात. ई-बाइक असेल तर हाच प्रकार, आणि तोही दर सायकलला ६० पौंडांहून जास्त घेणारा.

मडगार्ड असेल तर हा हात मडगार्डवर दाबला जाऊन तो वाकतो. वीस इंची चाकांच्या छोट्या सायकलीपर्यंत काही रॅकचा हात खाली पोचतच नाही. खरेदीआधी चाकाचं सर्वांत लहान माप आणि टायरची जास्तीत जास्त रुंदी हे दोन आकडे तपासाच.

४. पैसे कशावर घालायचे

खरोखर उपयोगी तीन गोष्टी आहेत.

रॅक रिसीव्हरमध्ये घट्ट बसवण्याची सोय सर्वांत महत्त्वाची. रिसीव्हर आणि रॅकचा दांडा यांच्यात फट असतेच, आणि तेवढ्या फटीत शंभर पौंडांचं ओझं दिवसभर आपटत राहतं. आटे असलेली पिन, आतून फुगणारी पाचर किंवा बाहेरून आवळायचा यू-बोल्ट, यांतलं काहीतरी हवंच. रॅकमध्ये नसेल तर यू-बोल्ट वेगळा घ्या, वीस-तीस डॉलरांत येतो.

दुसरी, भरलेला रॅक मागे झुकवता येणं. लांबच्या प्रवासात मुलाचा स्वेटर, डबा, औषध, सगळं डिकीत असतं. रॅक झुकत नसेल तर प्रत्येक वेळी सायकली उतरवाव्या लागतात. झुकल्यावरही मोठ्या डिकीचं दार हँडलला घासतं का, ते दुकानात आपल्या गाडीवर लावून बघा.

तिसरी, दोन ट्रेंमधलं अंतर. साधारण बारा इंच बरं. त्याहून कमी असेल तर एका सायकलचं हँडल दुसरीच्या सीटला धडकतं आणि प्रत्येक वेळी सीट खालीवर करावी लागते.

रॅकमध्येच दिलेली बारीक केबलची कुलपं, झगमगीत रंग, बाटली उघडायची सोय, यांना एक डॉलरही जास्त देऊ नका.

सव्वा इंचाच्या हिचला दोन इंचांचा रॅक लावायचा ॲडाप्टर मिळतो. तो टाळा. त्याने भार आणखी मागे जातो, मर्यादा कमी होते, आणि अनेक रॅककंपन्या त्याला स्पष्ट मनाई करतात. डिकीला बाहेर स्टेपनी असेल तर मूळचाच लांब दांड्याचा रॅक शोधा. आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) किंवा ट्रेलरच्या मागे लावायचा असेल तर तसं लिहिलेला रॅकच घ्या. तिथले हादरे गाडीपेक्षा खूप जास्त असतात आणि साधे रॅक तिथे मोडतात.

५. वापरलेला रॅक

फेसबुक मार्केटप्लेसवर रॅक अर्ध्या भावात सहज मिळतो. आरईआय या भटकंतीच्या सामानाच्या दुकानातही परत आलेला माल स्वस्तात विकतात. बघायला जाताना टॉर्च न्या. खांब आणि आडवा दांडा जिथे वेल्ड केलेले असतात तिथे रंगात केसाएवढी रेघ दिसली तरी सोडून द्या. रंगाची रेघ वाटते, तडा निघतो. पिनचं भोक गोल आहे की लांबट झालंय, ते बोट फिरवून बघा. रबरी पट्टे कडक होऊन चिरलेले असतील तर हरकत नाही, बहुतेक कंपन्यांचे नवे मिळतात. हरवलेली आट्यांची पिन मात्र त्याच कंपनीची लागते. मॉडेलचं नाव घेऊन सीपीएससी या ग्राहकसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या परत मागवलेल्या वस्तूंच्या यादीत शोधा, मगच पैसे द्या.

६. निघण्याआधी जमवायचं सामान

- रॅकची पुस्तिका (हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून फोनमध्ये उतरवून घ्या)
- रॅकला लागणारा पाना किंवा ॲलन की, गाडीतच ठेवायची
- हिच पिनचं कुलूप
- जाड साखळी किंवा यू-लॉक
- वेल्क्रोचे सहा-आठ पट्टे आणि एक लांब बकलचा पट्टा
- जुन्या ट्यूबचे तुकडे किंवा फोम, घासणाऱ्या जागी लावायला
- सायकलींचे फोटो आणि सिरीयल नंबर
- नंबरप्लेट हलवायची पट्टी, लागत असेल तर दिव्यासकट

७. रॅक लावणं आणि एक परीक्षा

रिसीव्हरच्या आतला गंज ब्रशने काढा, ग्रीसचा हलका हात फिरवा. दांडा आत सरकवा, भोकं जुळवा, पिन घाला, क्लिप लावा, मग आवळा. ज्या रॅकला आट्यांची पिन दिलेली असते तिच्याजागी साधी पिन घालू नका. रॅक ढिला राहून दिवसभर खडखडेल.

आता ट्रेचं सर्वांत बाहेरचं टोक दोन्ही हातांनी धरा आणि जोरात डावीउजवीकडे हलवा. गाडी स्प्रिंगांवर रॅकबरोबर डोलली पाहिजे. रॅक हलतोय आणि गाडी जागची हलत नाही, किंवा ‘टक्’ असा आवाज येतोय, तर अजून ढिला आहे. थोडा आवळा, पुन्हा हलवा. आवळताना सतत हलवत राहिलं तर पाचर नीट बसते. टोकाला थोडी लवचीक हालचाल राहतेच, तिची काळजी नको.

८. सायकली चढवणं

सायकलवरून बाटल्या, पंप, पिशव्या, मुलाची सीट, दिवे काढून घ्या. ई-बाइकची बॅटरी काढून गाडीत ठेवा, तेवढ्यानेच सात-आठ पौंड कमी होतात.

सर्वांत जड सायकल गाडीच्या सर्वांत जवळ. तिच्यानंतरची उलट दिशेने, म्हणजे हँडलाशेजारी सीट येते. टायरवर दाबणारा हात पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याजवळ (फोर्क) टायरलाच टेकू द्या, ब्रेकला नको. मागच्या चाकाचा पट्टा रिमवरून न्या, स्पोक आणि वॉल्व्ह सोडून. पेडल दुसऱ्या सायकलला लागत असेल तर फिरवून दुसऱ्या जागी आणा आणि वेल्क्रोने बांधा. टांगत्या रॅकवर पुढचं चाक वाऱ्याने फिरत राहतं, तेही फ्रेमला बांधा. सगळं झाल्यावर सर्व सायकलींना मिळून एक लांब पट्टा खांबाभोवती घ्या. एखादा आकडा सुटला तरी सायकल रस्त्यावर पडत नाही.

सायलेन्सरचं तोंड बघायला विसरू नका. त्याच्या समोर टायर आला तर लांबच्या प्रवासात गरम धुराने रबर वितळतं. पाच मैलांच्या चाचणीत हे कळत नाही. ती सायकल उलटी लावा किंवा ट्रेमध्ये सरकवता येते का बघा.

सायकलींवर ताडपत्री बांधून गाडी चालवू नका. ती वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि रॅकवरचा ताण कितीतरी वाढतो. बहुतेक पुस्तिकांमध्ये याला मनाई असते. झाकायचं ते गाडी उभी असताना.

९. नंबरप्लेट, दिवे, कॅमेरा

मागून दहा-पंधरा पावलांवर उभे राहून बघा. नंबरप्लेट वाचता येते का? ब्रेकचे आणि वळणाचे दिवे दिसतात का? नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, पण कॅलिफोर्नियासह बहुतेक ठिकाणी प्लेट स्पष्ट दिसणं बंधनकारक आहे, आणि लांबच्या प्रवासात चार-पाच राज्यं ओलांडली जातात. सर्वांत कडक नियम धरूनच निघा. टोल आपोआप कापून घेणारं ई-झेडपासचं उपकरण काचेला नीट लावा, प्लेटच्या फोटोवर विसंबू नका.

रिव्हर्सला आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्यांना रॅक म्हणजे भिंत वाटते. मागे घेताना गाडी खाडकन थांबते. ती सोय मेनूतून बंद करा. बटणाने उघडणारं डिकीचं दारही बंद करून ठेवा. खिशातल्या किल्लीचं बटण चुकून दाबलं गेलं तर दार थेट सायकलवर आपटतं.

१०. रस्त्यावर आणि मुक्कामाला

पहिल्या पंधरा-वीस मैलांवर थांबा आणि प्रत्येक पट्टा, आकडा, पिन हाताने तपासा. नवा रॅक पहिल्या तासातच थोडा सैल होतो. त्यानंतर प्रत्येक पेट्रोलच्या थांब्यावर एकदा. गाडी आता तीन-चार फुटांनी लांब झाली आहे, हे मागे घेताना लक्षात असू द्या. उतारावरून रस्त्यावर येताना रॅकचं टोक जमिनीला घासतं, तिथे तिरपं आणि हळू उतरा. यंत्राच्या कार वॉशमध्ये रॅक लावून जाऊ नका.

दुपारी जेवायला थांबलात तर गाडी खिडकीतून दिसेल अशी लावा, मागचा भाग भिंतीकडे. रात्री मोटेलच्या आवारात सायकली रॅकवर सोडू नका. केबल छोट्या कटरने क्षणात तुटते. तळमजल्याची खोली मागा आणि सायकली आत घ्या. बऱ्याच ठिकाणी विचारलं तर हो म्हणतात. नाहीच जमलं तर साखळी फ्रेममधून आणि थेट हिचला ट्रेलरची साखळी अडकवायला दिलेल्या कड्यातून घाला, रॅकच्या नळीतून नको.

चोरी झाली तर गाडीच्या विम्यात सायकली सहसा येत नाहीत. घराच्या किंवा भाडेकरूच्या विम्यात येऊ शकतात, पण डिडक्टिबल (आपण स्वतः भरायची रक्कम) वजा होऊन. निघण्याआधी पॉलिसीत तेवढी ओळ वाचून घ्या.

परतल्यावर रॅक काढून ठेवा. हिवाळाभर तसाच राहिला तर मिठाने दांडा रिसीव्हरमध्ये गंजून अडकतो आणि मग हातोड्याशिवाय निघत नाही. पाण्याने धुवा, पुसा, आट्यांना तेलाचे दोन थेंब द्या, पिन आणि किल्ली रॅकलाच पिशवीत बांधून ठेवा. रिसीव्हरच्या तोंडाला रबरी बूच लावा, तीन-चार डॉलरांत मिळतं.